‘जमीन वाढवा, गरिबी हटेल’ : हा हिशेब कुठे चुकतो?

“गरीब देशांत लाखो हेक्टर जमीन नुसती पडून आहे. ती नांगराखाली आणली की धान्यही पिकेल आणि खेडीही सुधारतील. पर्यावरणवाले आडवे येतात म्हणून सगळं अडलंय.” अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतोय.

‘पडून असलेली’ जमीन म्हणजे नेमकी कोणती? कागदोपत्री पडीक असलेल्या रानात कुणाची गुरं चरतात, कुणी सरपण, मध, डिंक गोळा करतं. फिरत्या शेतीत तर कस भरून यावा म्हणून जमीन मुद्दाम काही वर्षं मोकळी सोडतात. लोकांच्या नावावर कागद नसला की सरकारदरबारी ती रिकामी ठरते.

‘जमीन वाढली की धान्य वाढतं’ हा दावा इंडोनेशियाने करून पाहिलाय. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतातल्या सुमारे १० लाख हेक्टर दलदली प्रदेशात भात पिकवायची योजना सुरू केली. झाडं तोडली, हजारो किलोमीटर कालवे खणले. पाण्याचा निचरा झाला आणि हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, कोरडा पडला. १९९७ मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, पडलेल्या दुष्काळात तो पेटला. ही आग जमिनीखालून धुमसत राहते, वरून पाणी मारून विझत नाही. काही भागांत खालची माती उघडी पडून आम्लधर्मी झाली. भातासाठी कुटुंबं आणून वसवली होती, पण ठरलेला भात काही पिकला नाही. सुहार्तोंची सत्ता गेल्यावर योजनाच गुंडाळली. पीट नसलेल्या वर्षावनातही गत फारशी बरी नसते: तिथला बराचसा कस मातीत नव्हे, झाडांत असतो. जाळलेल्या रानाच्या राखेवर दोन-तीन वर्षं पीक येतं, मग उतरती कळा.

‘जंगल राखलं तर शेती बुडेल’ म्हणणाऱ्यांनी ब्राझील पाहावा. अमेझॉनमधली वार्षिक तोड २००४ मध्ये २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, २०१२ मध्ये ती पाच हजारांच्या खाली आली. त्याच काळात देशातलं सोयाबीन वाढलं. उपग्रहावरून पाळत, कर्जावर अटी आणि नव्याने तोडलेल्या जागेचं सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करार, यांचा त्यात वाटा होता. अर्थात नांगर शेजारच्या सेराडोच्या गवताळ रानाकडेही वळला, ते झाकून ठेवायचं कारण नाही.

‘अमेरिकाही अशीच मोठी झाली’ हे अर्धसत्य. तिथली प्रेअरीची, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांची, माती खोल, सुपीक होती, रेल्वे आणि बाजार पाठोपाठ आले. शिवाय ती जमीन मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेली होती.

एक मुद्दा मात्र मान्य. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत अजूनही बरंच वाढीव धान्य वाढीव जमिनीतूनच येतं. पण का? हेक्टरी धान्य तिथे सरासरी दीड टनाच्या आसपास, जगाची सरासरी चार टनांच्या जवळ. बंदरावरची खताची गोणी आतल्या खेड्यात पोचेपर्यंत भाड्यानेच महाग होते. रस्ता नाही, वेळेवर कर्ज नाही. अशा वेळी नवं रान तोडणं शेतकऱ्याला खतापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून तो ते तोडतो.