वायनरी आणि आमचा वाडा

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या ट्रेफेथेनवरचा, म्हणजे जुन्या इमारतीतल्या वायनरीवरचा (वाइन बनवायच्या जागेवरचा) लेख आवडला, पण एक गोष्ट राहिली राव, त्यांची ती १८८६ ची तीन मजली लाकडी इमारत मुळात वायनरी म्हणूनच बांधलेली, द्राक्षं वर चढवायची आणि रस आपोआप खालच्या मजल्यावर उतरायचा, पंपाची भानगडच नाही. २०१४ च्या भूकंपात चार फूट कलली तरी पडली नाही आणि त्यांनी ती परत सरळ केली, हॅट्स ऑफ!!

पण कुठलाही जुना वाडा घेतला आणि वायनरी केली असं नसतं हो. आमच्या चुलतभावाने निफाडकडे वाड्यात केली, दोन-अडीच फूट जाड भिंती, आत गारवा म्हणून खूश, तर स्टीलची टाकी दारातून आतच जाईना, शेवटी मागची भिंत फोडली. धुण्याचं पाणी जायला फरशीला उतारच नव्हता, वरून कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं, आता ओल आत अडकून पोपडे पडतात. आणि बंद खोलीत रस आंबताना कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, जीवावर बेततं, त्यामुळे आधी पंखे लावा, पाहुण्यांच्या वाइन चाखायच्या खोलीतली झुंबरं नंतर बघू.