रातकिड्याच्या तंगडीवरचे काटे

नवी प्रजाती सापडणे त्या मानाने सोपे असते. पावसाळ्यात कपाळाला बॅटरी बांधून रात्री देवराईत शिरावे, गुळाच्या पाण्याची वाटी कडेपर्यंत जमिनीत पुरून ठेवावी, म्हणजे मुंग्यांच्या गर्दीत कधीतरी एखादा अनोळखी जीव सापडतो. खरा छळ सुरू होतो तो त्याचे शास्त्रीय वर्णन लिहायला घरी बसल्यावर, आणि आमचे घर वेंगुर्ल्यात असल्यामुळे तो ओटीवर, चारचौघांच्या साक्षीने होतो.

माझा कीटक रॅफिडोफोरिडी कुळातला. या कुळाला गुहेतले रातकिडे म्हणत असले, तरी त्यातले कितीतरी जंगलात, ढोलीत आणि दगडांखाली राहतात, आणि हाही त्यांपैकीच. पाठीला कुबड, मिशा शरीराच्या दुप्पट-तिप्पट लांब, मागचे पाय अवाढव्य, आणि पंखांचा पत्ताच नाही. इतर रातकिडे पंखावर पंख घासून आवाज काढतात. हा जन्माचा मुका. शेजारच्या आबांना हे मान्य नाही. "पंख नाय, आवाज नाय, मगे ह्येका रातकिडो कित्याक म्हणतंस?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. इतरांना पुढच्या पायांवर असतात तसे कानही याला नाहीत, जमिनीची थरथर तो पायांनीच ओळखतो, हे सांगितल्यावर मात्र, ऐकू कमी येणाऱ्या आबांनी प्रथमच त्याच्याकडे आपुलकीने पाहिले.

काकीची हरकत वेगळी आहे. स्पिरिटच्या बाटल्या तिच्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांशेजारी ठेवायच्या नाहीत, हे मी निमूटपणे मान्य केले. मादीच्या पाठीमागची तलवार ही नांगी नसून मातीत अंडी घालण्याचे साधन आहे, हेही तिला पटवता आले. पण या मंडळींची खात्रीची ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या, शब्दांत सांगण्यास अवघड अशा अवयवावरून पटते, आणि मी दुपारभर भिंगाखाली नेमके काय न्याहाळतो, याचे घरातील ज्येष्ठ स्त्रीला देता येईल असे उत्तर मला अद्याप सुचलेले नाही. "पाय बघतो," असे मी सांगतो.

पायही बघावेच लागतात म्हणा. मागच्या पायाच्या नळीवर वरच्या कडेने काट्यांच्या दोन रांगा असतात, एक आतली आणि एक बाहेरची, आणि प्रत्येक काटा मोजून लिहावा लागतो. स्पिरिटमध्ये भिजलेली ती तंगडी चिमट्याने जरा वळवावी, तर ती धडापासून सुटून तरंगू लागते. तिला पुन्हा पकडेपर्यंत वीज जाते. वीज आल्यावर मोजावे, तर डावा पाय एक आकडा सांगतो आणि उजवा दुसरा. अशाच एका दुपारी मासेवाली दारात आली आणि काकीने आतून विचारले, "बांगडे किती घेव रे?" मी भिंगातून डोळा न काढता म्हणालो, "बत्तीस." माणसे आम्ही तीन.

बांगडे संपले, तोवर नावाचा प्रश्न उभा राहिला. प्राण्यांची शास्त्रीय नावे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथाच्या 1758 सालच्या आवृत्तीपासून ग्राह्य धरतात, आणि त्यांचे नियम पंचांगालाही लाजवतील: पुरुषाचे नाव दिले तर शेवटी 'आय', स्त्रीचे दिले तर 'ए-ई', विशेषण असेल तर त्याचे लिंग प्रजातीच्या जीनसशी, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाशी, जुळले पाहिजे. स्वतःचे नाव देण्यास नियमांची मनाई नाही, पण तसे सहसा कोणी करत नाही. दुसऱ्याचे देता येते, हे कळल्यापासून आमच्या ओटीवर चहा जास्त लागतो. काकीने आरवलीच्या वेतोबाचे नाव सुचवले, कारण देवही रात्रीच फिरतो आणि त्याला वाहिलेल्या चामड्याच्या चपला झिजतात. आबांनी लगेच हिशेब केला की या गड्याला सहा पाय, तेव्हा तीन जोड करावे लागतील.

नमुना नर, म्हणजे ज्याच्यावर ते नाव कायमचे टांगले जाईल तो, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा करायचा आहे. तो कोठे ठेवला हे लेखात स्पष्ट लिहिल्याशिवाय नाव ग्राह्य होत नाही. लेख मी पाठवला. परीक्षकांनी तो बारकाईने वाचून, दोन्ही पायांच्या आतल्या आणि बाहेरच्या रांगांतील काटे वेगवेगळे मोजून कळवावेत, असे नम्रपणे सुचवले आहे. बाटलीचे झाकण पुन्हा उघडले आहे, आणि मासेवालीशी बोलण्याची मला घरात पूर्ण बंदी आहे.