वचन देवाचं असतं, तारीख आपण टाकतो

थर्टी फर्स्टच्या रात्रीची उपासना संपली की आपल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या वचनाची कार्डं वाटतात, नवापूर घ्या, नंदुरबार घ्या, धुळे, भुसावळ, कुठेही जा. टोपलीत हात घालायचा, एक कार्ड काढायचं, ते आपलं वर्षाचं वचन. मला ही पद्धत मनापासून आवडते. कोणी तिला लॉटरी म्हणून हिणवलं की राग येतो, कारण आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, त्यांना फारसं वाचता येत नाही, पण मागच्या कितीतरी वर्षांची कार्डं त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलीत. कडा पिवळ्या पडल्यात, एकावर हळदीचं बोट उमटलंय. नातू घरी आला की एकेक काढून त्याच्याकडून वाचून घेतात. त्यांचा मुलगा ऊसतोडीला गुजरातला गेला होता तो आजारी होऊन परतला आणि अजून अंथरुणावरच आहे, तरी कसं चाललंय विचारलं की त्या एवढंच म्हणतात, "देव शे ना माय," म्हणजे देव आहे ना.

माझं म्हणणं कार्डांबद्दल नाहीये. वचनाला जो तारीख लावून देतो ना, त्याच्याबद्दल आहे.

हल्ली कन्व्हेन्शनच्या स्टेजवरून, यूट्यूबवरून, व्हॉट्सॲपवरून काय चालतं ते तुम्ही पण बघताय. "या महिन्यात तुझं कर्ज फिटणार, आमेन टाईप कर." "एकवीस दिवसांत नोकरी, विश्वासाने घे." आणि खाली यिर्मया २९:११, माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. अरे पण त्याच्या आधीची ओळ कोण वाचणार? हे वचन संदेष्टा यिर्मयाने बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि दहाव्या वचनात देव सांगतो की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बरेच जण तिथेच म्हातारे होऊन मरणार होते. आणि तोपर्यंत करायचं काय, तर ते पण त्याच पत्रात आहे, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला तर अकराव्या वचनाइतकंच हे पाचवं-सहावं वचन पण देवाचं वचनच वाटतं, कारण ज्याला लेकरांना सोडून द्यायचंय तो त्यांना बाग लावायला सांगत नाही.

त्याच्या आधीचा अध्याय तर प्रत्येक मंडळीत वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचला पाहिजे असं माझं मत आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहतो, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडतो आणि जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलची सत्ता मोडणार, नेलेले लोक परत येणार, मंदिराची भांडी पण परत येणार. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया सुद्धा म्हणतो आमेन, परमेश्वर तसंच करो. पण देवाने हनन्याला पाठवलंच नव्हतं, आणि यिर्मया नंतर त्याला तोंडावर सांगतो की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस. खोट्यावर भरवसा! लोकांचा भरवसा कमी नव्हता हो, चांगला घट्ट होता, तो ज्याच्यावर ठेवायला लावला तेच खोटं होतं.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत, शुगरचे पेशंट. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुम्ही बरे झालात, आता गोळ्या-इंजेक्शन घेणं म्हणजे अविश्वास. काकांनी इन्सुलिन बंद केलं. पायाची जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. मी भेटायला गेले तर त्यांना अंगठ्याचं काही वाटत नव्हतं, ते मला विचारत होते की बेटा, माझा विश्वास कुठे कमी पडला असेल? पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, उशाशी पवित्र शास्त्र, आणि हा प्रश्न. तेव्हापासून मी या विषयावर गप्प बसत नाही आणि बसणारही नाही.

काका, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि वचनच म्हणून दाखवतो, स्तोत्र ९१ मधलं, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून मार उडी. वचन खरंच होतं, तरी येशूने उडी मारली नाही. तो म्हणाला, तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. म्हणजे वचन म्हणून दाखवणारा प्रत्येक जण देवाकडूनच बोलतोय असं नाही, आणि उडी न मारणं हा अविश्वास पण नाही. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात जाऊन बघा, कितीतरी दशकांपासून तिथे प्रार्थना पण होते आणि सलाईन पण लावतात, त्या माणसांना यात कधी भांडण दिसलं नाही. आणि देव चमत्कार करत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. करतो. मी पाहिलेत. पण कधी करायचा ते तो ठरवतो, स्टेजवरचा माईक नाही ठरवत.

मग भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर यिर्मया ३२ मध्ये मिळतं. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो माझं अनाथोथचं शेत विकत घे. आपल्या नंदुरबारकरांना हे लगेच कळेल. सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीकडची गावं बुडीतात गेली, तिथली एखादी जमीन पाणी चढत असताना कोणी रोख पैसे मोजून विकत घेईल का? यिर्मयाने घेतलं. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केलं, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगितलं की हे कागद मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण देवाने सांगितलं होतं की या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

आणि मला सगळ्यात जास्त धीर याच्या पुढच्या भागाने येतो. सगळा व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवाला विचारतो की प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती गेलं आणि तू मला शेत विकत घे म्हणतोस? म्हणजे पैसे पण दिले आणि प्रश्न पण विचारला. देव त्याच्यावर चिडला नाही, माझ्यासाठी काही अशक्य आहे का असं विचारलं आणि सगळं समजावून सांगितलं. ज्या भावा-बहिणींना वाटतं की मनात शंका आली म्हणजे वचन हातातून गेलं, त्यांनी हा अध्याय आज रात्री वाचा, प्लीज वाचा.

यिर्मयाला ते शेत पिकवता आलं नाही. लोकांनी त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये नेलं. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडलं, मग पारसच्या कोरेश राजाने यहुद्यांना परत जायची परवानगी दिली आणि लोक परतले, वचन पूर्ण झालं, पण दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर. अब्राहामाचं बघा, पंचाहत्तराव्या वर्षी निघाला, इसहाक झाला तेव्हा शंभर वर्षांचा, मधली पंचवीस वर्षं कोणी कार्डावर छापत नाही. इब्री ११ तर सरळच लिहितं की हे सगळे विश्वासात मेले, वचनानुसार फळ मिळालं नव्हतं, दुरून पाहून त्यांनी त्याला वंदन केलं. देवाने त्यांना फसवलं असं तिथे कोणी म्हणत नाही, उलट त्यांचा देव म्हणवून घ्यायला त्याला लाज वाटत नाही असं लिहिलंय.

मला देवाच्या वचनांवर भरवसा आहे तो यासाठी की देवाची सगळी वचनं ख्रिस्तात होय आहेत असं पौल २ करिंथ १:२० मध्ये म्हणतो, आणि तो ख्रिस्त मरून उठलाय. माझं कर्ज मार्चमध्ये फिटलं की नाही यावर ते "होय" अवलंबून नाही. कापसाला भाव नाही मिळाला, केळीवर रोग आला, तरी ते "होय"च आहे. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराचं झाड, द्राक्षवेल, गोठा सगळं रिकामं मोजूनच म्हटलं होतं ना, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन.

पाळकसाहेबांना आणि पंच मंडळींना माझी एक विनंती आहे. साक्षीच्या वेळेला आपण नेहमी ज्यांचं काम झालं त्यांनाच पुढे बोलावतो, नोकरी लागली, मूल झालं, ऑपरेशन यशस्वी झालं. प्रभूची स्तुती असो, त्या साक्षी हव्यातच. पण येत्या रविवारी ज्यांचं अजून झालेलं नाही आणि तरी जे दर आठवड्याला येऊन बसतात, त्यांच्यातल्या एकाला पण माईक द्या. मावशी तयार आहेत, मी विचारलंय त्यांना.