कुंभाराच्या लेकीला आग काय करणार?

गेल्या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला गेले, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. माझी मावशी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुंभारीच्या विडी घरकुलात, घराच्या बाहेरच्या खोलीत, मुलांसाठी वाचनालय चालवते. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, एक फळा. १०,००० घरांच्या त्या वसाहतीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. वाचनालयात येणाऱ्या बहुतेक पोरींच्या आया विड्या वळतात. रात्री भिजवलेली पानं सकाळी कातरायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायच्या आणि संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या. पोरी घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी आणि भांडताना दोन्ही.

मी नेलेली पुस्तकं सगळी एका जातीची होती. धीट मुली आणि त्यांच्या हाती आग, पाणी, वारा, माती. एक वारा अडवते, दुसरी नदीशी बोलते, तिसरीच्या तळहातावर ज्वाळा उभी राहते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला माझी अकरा वर्षांची लेक हीच पुस्तकं उशाशी घेऊन झोपते. कोणती न्यायची ते तिनंच निवडून दिलं होतं. पुस्तकं इंग्रजी, म्हणून मावशी आधी स्वतः वाचणार आणि मग पोरींना मराठीत सांगणार असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवरच वाद पेटला.

मावशीचे दीर, आम्ही त्यांना काका म्हणतो, तरुणपणापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले. त्यांनी एक पुस्तक चाळलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "हवेतून अंगारा काढणाऱ्या बुवांच्या मागे जाऊ नका, हे सांगण्यात आमचं आयुष्य गेलं. आणि आता तू पोरींना सांगणार की हातातून आग निघते?" शेजारच्या मराठी शाळेतल्या एका बाईंचं म्हणणं निराळं होतं. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी अशा खऱ्या बायका असताना परक्यांच्या खोट्या पोरी कशाला? मावशी तेव्हा काहीच बोलली नाही. तिची शंका रात्री भाकरी थापताना बाहेर आली, आणि तिघांत तीच सर्वांत जड होती. तिच्याकडे पुढे येते.

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. ज्या माणसांनी हे सगळं जवळून सोसलं, त्यांना चमत्काराचा वासही नकोसा होतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. तरीही मला वाटतं, काकांची गफलत एका ठिकाणी होते. बुवा म्हणतो, "विश्वास ठेव." गोष्ट म्हणते, "समज." समज, एका पोरीला पाऊस पाडता आला. मग काय होईल? सात वर्षांच्या पोरालाही ह्या दोहोंतला फरक कळतो.

अर्सुला ले ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेच्या अर्थसी बेटांच्या गोष्टीत जादू शिकणाऱ्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात की एका बेटावर पाऊस पाडशील तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडेल, म्हणून आधी विचार कर. मावशीनं हे पोरींना सांगितलं तेव्हा मी तिथंच बसले होते. दोन वेण्या घातलेली एक पोरगी पटकन म्हणाली, "म्हणजे उजनीसारखं!" २०२१ मध्ये उजनी धरणाचं पाच टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला द्यायचं ठरलं, सोलापुरात आंदोलनं झाली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वेळी ही पोर पहिलीत असेल. तरी तिच्या घरातलं पाण्याचं बोलणं तिच्या कानात बसलं होतं. ही गोष्ट ऐकून कुठली पोर बुवाच्या पायाशी जाईल? ती उलट विचारेल की तुम्ही इथं दिलंत ते कुठून काढून आणलंत.

मला इथं परदेशात जे दिसतं ते काकांना सांगताना थोडं अवघड गेलं. भूकंपापासूनच सांगते, कारण तो मी दोन्ही गावांत पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी तिसरीत होते. विसर्जनाची मिरवणूक पाहून घर नुकतं झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमारास मांडणीवरची भांडी खणखणायला लागली आणि आज्जीनं आम्हाला दंडाला धरून अंगणात ओढलं. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. पुढे किती रात्री आम्ही दाराबाहेर झोपलो, आठवत नाही. जमीन का हलली असं विचारलं की मोठी माणसं "गप झोप" म्हणायची. तेवीस वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर कैकौराचा ७.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि वेलिंग्टनच्या घरात मी अडीच वर्षांच्या लेकीला तसंच दंडाला धरून ओढलं. इथलं शहरातलं मोठं ग्रंथालय २०१९ मध्ये बंद करावं लागलं तेही भूकंपात इमारत टिकणार नाही म्हणून.

इथल्या शाळेत भूकंपाची तालीम होते. खाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. आणि त्याच शाळेत इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रुआउमोकोची गोष्टही सांगतात. तो पापातूआनुकूच्या, म्हणजे पृथ्वीमातेच्या, पोटातला न जन्मलेला मुलगा. तो कूस बदलतो आणि जमीन हलते. माझी लेक टेबलाखाली तीन सेकंदात शिरते आणि टेबलाखालून विचारते, "बाळ उठलं का?" तिला भूपट्टेही माहीत आहेत. एकानं दुसऱ्याला धक्का लागलेला मी पाहिला नाही. किल्लारीच्या पहाटे मला तालीमही कुणी दिली नव्हती आणि गोष्टही. भीती तेवढी मिळाली, ती अजून आहे.

शाळेतल्या बाईंचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. खऱ्या बायका हव्यातच. पण आपण त्यांना चौकटीत घालून वर टांगलं आहे. जयंतीला हार, भाषण, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. धड्यात त्या कुणाची तरी आई, सून किंवा पत्नी म्हणून येतात. अकरा वर्षांच्या आणि रागावलेल्या अशा कधी येत नाहीत. पोरीला भांडता येईल अशी नायिका लागते, जिची चूक दाखवता येईल.

आणि "परक्या पोरी" ह्या शब्दाशीच मला भांडायचं आहे. आपल्या गोष्टींतही मुली आहेत आणि पंचमहाभूतंही आहेत. मात्र त्या कशा भेटतात ते पाहा. सीतेची परीक्षा आगीत, शेवट धरणीच्या पोटात. माझी आज्जी कानडी. जात्यावर ती 'केरेगे हार' म्हणायची. गावच्या गौडानं तळं खणलं, पाणी लागेना. ज्योतिषी म्हणाला, सुनेचा बळी द्या. थोरली सून नको म्हणून धाकटी भागीरथी ठरली. पूजा करून ती वर यायला लागते, आणि प्रत्येक पायरीला पाणी चढत जातं, पाय, कंबर, मग सगळी भागीरथी. आज्जी त्या ओळींना जातं हळू करायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पायऱ्या मोजायची आणि दर वेळी मनात म्हणायची, ह्या वेळी ती पळेल.

आणि आपल्या सोलापूरची कुंभारकन्या. सिद्धरामेश्वरांच्या ठिकाणी रोज सडा-रांगोळी करणारी मुलगी. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं, ते योगी. म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. आजही गड्ड्याला सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आणि संक्रांतीला होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, दागिने घालून, होमात अग्नी देतात. ती कुंभारकन्या. लहानपणी मी तो होम वडिलांच्या खांद्यावरून बघितला. सगळे हात जोडून उभे होते, माझी आज्जीसुद्धा. मला रडू आलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ती देवाकडं गेली बाळा."

आगीनं घेतली, पाण्यानं घेतली, जमिनीनं घेतली. आपल्या मुलींनी ऐकलेल्या गोष्टींत महाभूतं मुलींना घेतात. ह्या नव्या पुस्तकांत मुलगी महाभूतं हाती घेते. मला ती हवी आहेत ती एवढ्या एका कारणासाठी, आणि ते कारण माझ्यासाठी खूप मोठं आहे. ले ग्विन बाईंच्या पहिल्या पुस्तकात, १९६८ मध्ये, जादूच्या शाळेत मुलींना प्रवेशच नव्हता. बावीस वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच बेटांवर परत जाऊन त्यांनी एका लहान मुलीची गोष्ट लिहिली. आपल्याच माणसांनी तिला आगीत टाकलेलं असतं. अर्धा चेहरा आणि एक हात जळालेला. आणि शेवटी हीच पोर अग्निमुखी ड्रॅगनला हाक मारते, तो येतो, आणि कळतं की ती त्यांच्यातलीच आहे. ते पान वाचताना मला होम मैदान आठवलं.

मात्र ह्या गोष्टींना हात लावायचा कसा, हे मी इथंच शिकले. माओरींच्या कथेत आगीची मालकीण महुइका. तिच्या नखांत आग. कथेचा नायक माउई तिला फसवून एकेक नख मागून नेतो, शेवटी ती चिडून उरलेली आग टाकते आणि ती झाडांच्या लाकडात जाऊन राहते, म्हणून लाकूड घासलं की ठिणगी पडते. मी ही गोष्ट लेकीच्या वाढदिवसाला मुलांना सांगितली आणि महुइकेला शेवटी जिंकवलं. लेकीच्या मैत्रिणीची आजी माओरी. ती नंतर बाजूला घेऊन शांतपणे म्हणाली, "ती आमची आजी आहे. तिचं काही बदलायचं असेल तर आधी आमच्याजवळ बस." इथं वाद गोष्ट खरी की खोटी ह्याचा नसतो, ती कुणाची ह्याचा असतो. तेव्हापासून कुंभारकन्येबद्दल बोलताना मला होमासमोर हात जोडणारी आज्जी दिसते. त्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण आज्जीच्याच मांडीवर बसून प्रश्न विचारायचा हक्क पोरींना आहे, कारण गोष्ट त्यांचीही आहे. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

आता मावशीची शंका. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकातल्या पोरी जन्मतःच निवडलेल्या असतात. कपाळावर खूण, नाही तर कुणाचं भाकीत. माझ्या पोरींना कोण निवडणार? रात्री दोनला नळ आला की हंडे भरायला उठवतात, एवढीच त्यांची निवड. दहावी झाली की स्थळं येतात. हे वाचून त्यांना वाटेल, आपल्यात ते नाही."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही आणि पूर्ण उत्तर आजही नाही. माझ्या लेकीच्या नळाला चोवीस तास पाणी असतं. पाणी वळवणारी नायिका तिला आवडते, पण भरलेला हंडा कमरेवर कसा बसतो हे तिला माहीत नाही. मावशीच्या पोरींना ते माहीत आहे, आणि त्यांच्या हाती ते पुस्तक वेगळं वाचलं जाणार. जन्मखुणेची पुस्तकं मी आता नेत नाही. जिथं मुलगी शिकते, चुकते, किंमत मोजते, तीच नेते. इथल्या मार्गारेट माही मुलांच्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्या एका कादंबरीत चौदा वर्षांची लॉरा धाकट्या भावाला वाचवण्यासाठी जादूची वाट स्वतः पत्करते. घाबरत पत्करते. मावशीनं ती वाचली आणि म्हणाली, "ही चालेल. हिला घरचं काम आहे."

होमाच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं पोरींना कुंभारकन्येची गोष्ट विचारली. सगळ्यांना ती पाठ होती. मग मावशीनं विचारलं, "पुढं काय झालं असेल?" सतरंजीवर शांतता. कुणी म्हणालं, ती तारा झाली. कुणी म्हणालं, देवाकडं गेली. उजनीवाली ती दोन वेण्यांची पोर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. तिच्या आईच्या माहेरी मडकी करतात. ती म्हणाली, "कुंभाराची पोर हाय ना ती? मग आग तिला काय करणार? भट्टीत माती जळत नाही ओ बाई, पक्की होतीय."

काका दारात उभे होते. ते आत आले, सतरंजीच्या कडेला बसले आणि तिला म्हणाले, "पुढं सांग."

तिनं पुढचं सांगितलं नाही, लिहून काढते म्हणाली. मार्चमध्ये मावशीनं वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले. कुंभारकन्या होमातून विटेच्या रंगाची होऊन बाहेर येते. तिच्या अंगावर टिचकी मारली की पक्क्या मडक्यासारखा खणखणीत आवाज येतो. ती तलावाकाठी जाते, पाण्याला हात लावते आणि पाणी तिच्यात राहतं, झिरपत नाही. ते ती घरकुलात घेऊन येते. तिथून पुढे पान कोरं आहे, कारण परीक्षा आली.

मी ही पानं लेकीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं दोनदा ऐकली आणि विचारलं, "आई, भट्टी म्हणजे काय?" मी सांगायला लागले, गवऱ्या, पेंढा, राख, वरून मातीचा लेप, आणि अर्ध्यात थांबले. मलाच ती शेवटची कधी दिसली ते आठवेना. येत्या जानेवारीची तिकिटं काढली आहेत. कुंभार वेशीच्या बाजूला किंवा जवळच्या कुठल्या गावात अजून भट्टी लागते का, ते त्या पोरीच्या आजोळी विचारून ठेव, असं मावशीला कळवलं आहे.