फक्त 750 डॉलर? ॲशव्हिलच्या फॉरवर्डला उत्तर

काकांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत टाकला. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळानं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ॲशव्हिल शहर धुऊन काढलं, त्याबद्दलचा. सार असं: "सरकारनं वादळग्रस्तांच्या हातावर फक्त 750 डॉलर टेकवले, तेही कर्जाऊ. खरा पैसा घुसखोरांवर उडवला. पालिकेला 53 दिवस साधं पाणी देता आलं नाही, आणि वर सगळं दडपलं. म्हणे महासत्ता!" खाली हात जोडलेले दोन इमोजी.

काकांशी वाद घालायचा नाही हा माझा जुना नियम. आज मोडतो.

आधी 750. आकडा खरा आहे, "फक्त" खोटं आहे. फेमा ही तिथली केंद्रीय आपत्ती यंत्रणा (आपल्याकडचा परकीय चलनाचा फेमा कायदा वेगळा). तिनं मार्च 2024 पासून खाणंपिणं, औषधं, बाळाचं दूध असल्या तातडीच्या गरजांसाठी 750 डॉलर उचल द्यायला सुरुवात केली. घराची दुरुस्ती, तात्पुरतं भाडं, सामानाची भरपाई हे सगळं त्यानंतर, पाहणी करून. हेलीनच्या वेळी त्यातल्या नुसत्या घराच्या मदतीची कमाल मर्यादा 42,500 डॉलर होती आणि इतर गरजांसाठी तेवढीच वेगळी. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकरांच्या हातात सानुग्रह अनुदान पडलं, तेवढीच भरपाई असं कुणी मानलं नव्हतं. पंचनाम्याचं गाडं मागून येतं हे सगळ्यांना माहीत होतं. तसंच हे. आता ती कमाल मर्यादा सगळ्यांना मिळते का? अजिबात नाही. त्यात डोंगरातलं गाव म्हणून बंकम काउंटीत (ॲशव्हिलचा जिल्हा) शंभरात एका घराचाही पूरविमा नव्हता. ज्यांचं घरच वाहून गेलं त्यांचं या पैशात भागलं नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण ती मेसेजमध्ये नाही.

"तेही कर्जाऊ." नाही, फेमाची ही मदत परत करायची नसते. कर्ज देतं ते लघुउद्योगांचं केंद्रीय खातं, घरमालकांनाही देतं, त्यावरून गोंधळ झाला असावा. त्या खात्याची गंमत मात्र काकांनी नक्की फॉरवर्ड करावी अशी आहे: ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांची आपत्ती-कर्जाची तिजोरीच रिकामी झाली, आणि संसदेनं नवा निधी मंजूर केला तो थेट डिसेंबरमध्ये. दोन महिने लोक अर्ज करून बसले होते.

घुसखोरांचा मुद्दा. स्थलांतरितांच्या निवाऱ्यासाठी फेमामार्फत पैसा वाटला जात होता, हे खरं. 2024 च्या आर्थिक वर्षात साधारण 64 कोटी डॉलर. पण संसदेनं तो वेगळा मंजूर केलेला, सीमाशुल्क खात्याच्या तरतुदीतून आलेला. आपत्ती निधी स्वतंत्र आहे आणि या खिशातला पैसा त्या खिशात घालायची मुभा फेमाला नाही. हे बायडनच्या माणसांनीच सांगितलं असंही नाही. त्या भागाचे रिपब्लिकन, म्हणजे बायडनच्या विरोधी पक्षाचे, खासदार चक एडवर्ड्स यांनी 8 ऑक्टोबरला लांबलचक पत्रक काढून असल्या अफवा एकेक करून खोडल्या. हवामान कुणाच्या हातात नसतं, हेही त्यांना लिहावं लागलं, बिचारे.

आता पाणी. इथे जरा थांबतो, कारण मेसेजमधला हा सगळ्यात पटण्यासारखा भाग आहे.

53 दिवस हा आकडा बरोबर. 27 सप्टेंबर ते 18 नोव्हेंबर, पाणी उकळून प्या असा आदेश होता. पण यात दोन वेगळी संकटं एकावर एक आली. पहिलं, नळ कोरडे. शहराचं बहुतांश पाणी नॉर्थ फोर्कच्या तलावातून येतं, आणि तिथून निघणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या पुरानं उखडल्या. 2004 च्या पुरानं असाच दणका दिल्यावर पालिकेनं शहाणपणानं एक पर्यायी वाहिनी टाकली होती, 25 फूट खोल गाडून. तीही गेली. फ्रेंच ब्रॉड नदीनं ॲशव्हिलमध्ये 1916 चा विक्रम मोडला होता, त्यापुढे 25 फूट माती ती काय! लोक ओढ्यातून बादल्या भरून आणून संडासात ओतत होते. तरी ती वाहिनी दोनेक आठवड्यांत जोडली आणि ऑक्टोबर सरता सरता बहुतेक घरांत नळाला पाणी आलं. चहाच्या रंगाचं.

दुसरं संकट हे. नॉर्थ फोर्कचा तलाव राखीव जंगलात आहे, पाणी इतकं नितळ की 1950 च्या दशकात जलशुद्धीकरण केंद्र बांधताना गाळ बसवायच्या टाक्याच ठेवल्या नाहीत. पाणी थेट गाळणीत. वादळानं डोंगरउतारांची माती तलावात आणली आणि तिचे कण इतके बारीक की खाली बसायचं नाव घेईनात. मग पालिकेनं जे केलं ते आपल्या आज्यांनी केलेलं आहे: तुरटी. फक्त माठात हात घालून फिरवण्याऐवजी बोटीतून अख्ख्या तलावात, सोबत कॉस्टिक सोडा. मग वाट पाहायची. यात कंत्राटदार बदलून, खासगी कंपनी आणून काय होणार होतं? चिखल निविदा बघून खाली बसत नाही.

पालिकेला विचारायचंच असेल तर हे विचारा: 2004 पाहिल्यावर वाहिनीवर खर्च केला, पण गढूळ पाणी शुद्ध करायची सोय का केली नाही? ॲशव्हिलकरांनी तो प्रश्न विचारला.

"सगळं दडपलं." इथे तर मेसेज तोंडावर आपटतो. पाणी खात्याचे प्रवक्ते क्ले चँडलर जवळजवळ रोज पत्रकारांसमोर उभे राहून पाण्याचा गढूळपणा किती युनिट उतरला ते सांगत होते. पाणी कधी येणार, याला बरेच दिवस त्यांचं उत्तर "तारीख सांगत नाही" असंच होतं. लोक चिडायचे, पण त्यांनी खोटी तारीख दिली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर, आदेश उठायला जेमतेम काही दिवस राहिलेले असताना, सात शाळांच्या पाण्यात शिसं सापडल्याचं जाहीर झालं. वादळानंतर 19 दिवस नळांचा गंज रोखणारं, म्हणजे त्यांतलं शिसं पाण्यात उतरू न देणारं, रसायन पाण्यात मिसळलं गेलं नव्हतं, हेही सांगितलं. दडपायचं असतं तर हे आधी दडपलं असतं.

मेसेजला जे दिसलंच नाही ते पुढचं. राडारोडा उचलणं आणि तातडीची कामं यांचा शंभर टक्के खर्च केंद्रानं उचलायचा, ही सवलत सहा महिन्यांची होती. गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी मुदतवाढ मागितली, एप्रिल 2025 मध्ये केंद्रानं नाकारली. पुनर्बांधणीसाठी शहराला मंजूर झालेल्या 22.5 कोटी डॉलरच्या आराखड्यावर केंद्रीय गृहनिर्माण मंत्र्यांनी मार्चमध्ये आक्षेप घेतला: अल्पसंख्याक आणि महिलांच्या व्यवसायांना प्राधान्य देणारा मजकूर काढा. शहरानं तो काढला, मग गाडी पुढे सरकली. यात ना घुसखोर, ना 750. कागदाचं काम, म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि "एक मेसेज टाकला तर काय बिघडतं" असं काकांनी विचारलंय म्हणून. फेमाचे लोक मदतीचा माल अडवतायत असं ऐकून-वाचून ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच भागातल्या रदरफर्ड काउंटीत बंदूक घेऊन निघालेल्या एकाला पोलिसांनी पकडलं. तिकडच्या काही भागांत घरोघर जाऊन अर्ज भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना काही काळ फिरणं थांबवून ठरलेल्या ठिकाणी बसावं लागलं. रस्ता वाहून गेलेला, फोन बंद, गाडी चिखलात. अशा घरातल्या माणसानं तिथवर चालत यायचं होतं.