एक लाख वीस हजारांची लोणकढी

टॉलस्टॉयच्या कादंबरीवरच्या, १९६०च्या दशकातल्या सोव्हिएत सिनेमाबद्दल, ‘युद्ध आणि शांती’बद्दल, एक मजकूर सारखा फिरतो. दिग्दर्शक सेर्गेई बोंदार्चुक यांनी म्हणे १८१२ मध्ये रशियन फौज नेपोलियनशी जिथे लढली त्या खऱ्या बोरोदिनोच्या मैदानावर १,२०,००० सैनिक उतरवले, १० कोटी डॉलर उडवले आणि सरकारने त्यांना कशाचीही ददात भासू दिली नाही. सिनेमा माझा लाडका, म्हणूनच हे वाचलं की चिडचिड होते.

आधी सैनिक. खुद्द बोंदार्चुक यांनीच १९८६ मध्ये हा आकडा फुगवलेला असल्याचं सांगून टाकलं होतं; आपल्याकडे होते १२,०००, असं ते म्हणाले. आणि जरा डोकं चालवा. १८१२ मध्ये रशियन सेनापती कुतुझोवची अख्खी फौजच साधारण सव्वा ते दीड लाखांची धरतात. म्हणजे शूटिंगसाठी मूळ सैन्यच पुन्हा उभं केलं म्हणायचं! एवढ्यांना गणवेश कोण शिवणार, जेवू कोण घालणार? बारा हजार माणसं पडद्यावर लाखभर वाटतात, ती धुराच्या लोटांमुळे आणि रणांगणावरून तारेवर घरंगळत जाणाऱ्या कॅमेऱ्यामुळे. ती करामत सोडून लोक डोकी मोजत बसतात.

मैदानही खरं नाही. बोरोदिनोत स्मारकंच स्मारकं उभी आहेत, तिथे तोफा कुठे डागणार? लढाई चित्रित झाली स्मोलेन्स्क भागात, दोरोगोबुझजवळ.

पैशांचं म्हणाल तर हिशेबात दिसतात सुमारे ८३ लाख रूबल, तेव्हाच्या सरकारी दराने साधारण ९२ लाख डॉलर. लष्कराची माणसं बाजारभावाने धरलेली नाहीत, हे मान्य. आजच्या भावात मांडलं तर आकडा बराच चढेल, हेही मान्य. पण मग तसं लिहा ना!

‘काही कमी पडलं नाही’ हे तर अगदीच पोकळ. देशी ७० मिलिमीटर फिल्म इतकी सदोष निघायची की दृश्यं पुन्हा पुन्हा घ्यावी लागली. दिग्दर्शनाच्या जोडीला पिएर या नायकाची भूमिकाही करणाऱ्या बोंदार्चुक यांना शूटिंगच्या वर्षांत दोनदा हृदयविकाराने गाठलं. नायिका नताशाच्या पहिल्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, कॅमेरा नाचणाऱ्यांमधून इतका अलगद फिरतो, त्याचं रहस्य काय? कॅमेरामनच्या पायांत रोलर स्केट्स होते.