निळा डबा कोणाचा?

ऑफिसच्या फ्रीजमध्ये बेवारस डबा सापडला, तर काय कराल? उघडून वास घ्याल? ते अडाण्यांचं काम. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावाल? ते आपल्या बापजाद्यांचं. तुम्ही स्टार्टअपवाले. कंपनीतल्या सगळ्याच्या सगळ्या २१० जणांना मेल टाका. त्यातले कित्येक वर्षभर पुण्यात फिरकलेले नाहीत, दारव्ह्याकडच्या खेड्यात घरून काम करतात, त्यांना तर अगत्यानं टाका. कंपनी म्हणजे फॅमिली ना!

विषय लिहा : 'अर्जंट'.

डब्याचे तीन बाजूंनी तीन फोटो घ्या, फोन चांगला असेल तर एकेक सहज ५ एमबीचा निघतो. ते अटॅच मात्र करू नका. अटॅचमेंट उत्तर देताना गळून पडते. फोटो मजकुरातच चिकटवा, म्हणजे प्रत्येक उत्तराच्या शेपटीला तोच डबा पुन्हा पुन्हा येत राहील. शिवाय मेलमधून जाताना फोटोचं आधी अक्षरांत रूपांतर होतं आणि तो भिजवलेल्या चण्यासारखा साधारण एक तृतीयांशानं फुगतो. १५ एमबीचे झाले २०. जीमेलची हद्द २५ची, त्यामुळे अडवणारं कोणी नाही.

आता उत्तरं. डबा तुमचा नसेल तर 'माझा नाही' असं कळवणं हे तुमचं कर्तव्यच आहे, आणि ते २१० जणांना कळायला हवं. 'माझाही नाही.' 'निळा की आकाशी?' 'भारी आहे, कुठून घेतला?' मग एखादा वैतागून लिहितो, 'मला या यादीतून काढा.' त्याच्या पाठोपाठ आणखी नऊ जण. मग शहाण्यांची फळी उतरते : 'कृपया रिप्लाय ऑल करू नका.' रिप्लाय ऑल करून! हा वेडेपणा आपण शोधला असं समजू नका. १९९७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलम डीएल३' नावाच्या यादीवर हेच 'मला काढा, मलाही काढा' झालं आणि त्यांच्या मेलच्या यंत्रणेनं मान टाकली. अशी वादळं आपोआप रोखायची सोय त्यांनी आणली २०२० मध्ये.

हा डब्याचा मेल आला त्या गुरुवारी आमच्या गावचा डीपी जळालेला होता. दुसरा दिवस. वायफाय मेलेलं, फोनला रेंज फक्त स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ. डोक्याला दुपट्टा बांधून, मे महिन्याच्या उन्हात, हॉटस्पॉटवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. दिवसाचा डेटा दीड जीबी. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर प्रत्येक मेल अख्खा उतरवून घेतं. ७० उत्तरं गुणिले २० एमबी, करा हिशेब. आई खालून ओरडली, "काय पाहून राहिला रे एवढ्या उन्हात?"

"डबा."

"कोणाचा?"

"तेच विचारून राहिले सारे!"

दुपारी साडेबाराला डेटा संपला. त्या ढिगाऱ्याच्या मागं कुठंतरी रांगेत एक मेल अडकला होता : क्लायंटच्या सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा इशारा. तो मला दिसला नाही. रात्री सर्व्हर बसला.

मेल टाकल्यावर स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, 'मेल पाहिला का?' हे विचारायचं विसरू नका, बरं का. मग व्हॉट्सॲपवर. मग फोन.

शुक्रवारच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, सगळ्यांदेखत साहेब म्हणाले, "तू मेल बघत नाहीस का?" आणि मग, फार समजूतदारपणे, "तुमच्याकडे गावात नेटचा प्रॉब्लेम असतो ना?"

गावात नेटचा प्रॉब्लेम! दीड जीबी डब्याचे फोटो पाठवलेत तुम्ही, आणि प्रॉब्लेम गावात? अरे, आमच्याकडे गोऱ्हा हरवला तरी माणूस आधी कोंडवाड्यात जाऊन पाहतो, अख्खा तालुका गोळा करत नाही. बीसीसी, म्हणजे 'ब्लाइंड कार्बन कॉपी' नावाचा रकाना कशाला ठेवलाय? टाइपरायटरखालच्या कार्बन कागदावरून आलेलं नाव आहे ते, इतकी जुनी गोष्ट. सगळ्यांचे पत्ते त्यात टाकले असते, तर कोणी कितीही रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर एकट्या पाठवणाऱ्याकडे गेलं असतं. पत्ते एका रकान्यातून दुसऱ्यात न्यायचे, बस. तेवढंही जमत नाही, आणि एआय प्रॉडक्ट बनवून राहिलेत! आणि ते 'माझा नाही' लिहिणारे सगळे, तुम्हाला विचारलं होतं का कोणी की कोणाकोणाचा नाही? जे बोलायचं ते एकट्याला बोलता येत नाही का?

डबा ज्याचा असेल त्यानं घरी न्यावा. मला कळवू नये.